वाळूवरचें गांव आणि खडकावरचा किल्ला

सुटींत मालवणास जाऊन आलेल्या विद्यार्थ्यास काय पाहिलें म्हणून विचारावें, तर उत्तर बहुधा ठरलेलें असतें : सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीची वाळू, देवबागचा संगम आणि सोलकढीसह माशांचें जेवण. यांत वाईट कांहींच नाहीं. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ सालीं रत्नागिरीपासून वेगळा झाला आणि १९९७ सालीं तो देशांतील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला; तेव्हांपासून येथें येणाऱ्या लोकांची वर्दळ वाढतच आहे, व तिच्यावर आपल्या शाळेंतील कित्येक मुलांच्या घरचा चरितार्थ चालतो. परंतु एखादें स्थळ पाहून येणें व तें समजून घेणें यांत अंतर आहे. प्रस्तुत लेखांत मी मालवणच्या उत्तरेस असलेल्या तोंडवलीच्या किनाऱ्यापासून आरंभ करणार आहें, आणि तेथून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणार आहें. हीं दोन्ही स्थळें एकमेकांशेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजेच त्यांचा खरा अर्थ लागतो, असें माझें मत आहे.

मालवणाहून आचऱ्याकडे निघालें म्हणजे प्रथम कोळंबची व नंतर कालावलची खाडी ओलांडावी लागते, आणि मग तोंडवली लागतें. गांवाचा वरचा भाग जांभ्या दगडाच्या सड्यावर व त्याच्या उतारावर आहे. खालचा भाग समुद्रकांठीं. गांवांत वाघेश्वराचें देऊळ आहे, किनाऱ्यास सुरूचें बन आहे, आणि तेथून दक्षिणेकडे वाळूची एक लांब, अरुंद पट्टी निघते. तिच्या टोंकाकडील वस्तीस तळाशील म्हणतात. पट्टीच्या पश्चिमेस उघडा समुद्र; पूर्वेस कालावलच्या खाडीचें संथ पाणी. कांहीं ठिकाणीं तर घराच्या पुढच्या दारीं लाटा व मागच्या दारीं खाडी. टोंकास उभें राहिलें म्हणजे पलीकडे सर्जेकोट दिसतो. होडीनें तो अगदीं जवळ. पण रस्त्यानें जावयाचें तर सगळ्या खाडीस वळसा घालावा लागतो.

बायबलच्या तासास एकदां मत्तयाच्या शुभवर्तमानांतील दोन घरांचा दृष्टांत चालला होता. एका शहाण्या मनुष्यानें आपलें घर खडकावर बांधिलें व एका मूर्खानें वाळूवर, हा दृष्टांत सर्वांच्या परिचयाचा आहे. तेव्हां खाडीपलीकडून येणाऱ्या एका मुलानें उभें राहून विचारलें, “गुरुजी, मग तळाशीलचे आम्ही सगळे मूर्ख काय ?” वर्गांत हंशा पिकला, पण प्रश्न हंसण्यावारीं नेण्याजोगा नव्हता. तो दृष्टांत ज्या देशांत सांगितला गेला, तेथील ओढ्यांचीं पात्रें वर्षांतील बहुतेक दिवस कोरडीं व वाळूनें भरलेलीं असतात. उन्हाळ्यांत तेथें घर बांधणें सोपें वाटतें, आणि पहिल्या पावसाचा लोंढा आला कीं तें वाहून जातें. ज्यानें पाऊस येणार हें माहीत असूनही तेथें घर बांधिलें, तो मूर्ख. तळाशीलच्या लोकांची गोष्ट तशी नाहीं. वाळू म्हणजे काय, ती कोठून येते, केव्हां जाते, हें त्यांच्या पूर्वजांस पूर्ण ठाऊक होतें. तें ठाऊक असूनही ते तेथें कां राहिले, हें समजण्यास थोडा भूगोल पाहिला पाहिजे.

गड नदी सह्याद्रींत उगम पावून कणकवलीवरून मसुऱ्याकडे येते. तिच्या मुखाकडील भागास कालावलची खाडी म्हणतात. आतां नकाशा उघडून नीट पाहावें. ही नदी समुद्राच्या हाकेच्या अंतरावर येऊन सुद्धां सरळ त्यांत शिरत नाहीं. ती दक्षिणेकडे वळते, समुद्राशीं समांतर वाहते आणि सर्जेकोटाजवळ त्यास मिळते. मधें आडवी आलेली भिंत म्हणजेच तळाशीलची पट्टी. नंतर बोट नकाशावर खालीं न्यावें. मालवणच्या दक्षिणेस कर्ली नदीनेंही अगदीं तेंच केलें आहे; तेथें मधल्या पट्टीवर तारकर्ली व देवबाग हीं गांवें वसलीं आहेत, आणि नदीचें मुख देवबागच्या दक्षिण टोंकास आहे. दोन नद्या, दोन वाळूचीं बोटें, आणि दोन्ही दक्षिणेकडे रोखलेलीं. हा योगायोग नव्हे.

नदी डोंगरांतून माती व रेती आणते. समुद्राजवळ तिचा वेग मंदावतो व रेती खालीं बसते. लाटा मात्र किनाऱ्यावर क्वचितच सरळ येतात; बहुधा त्या तिरप्या येतात. तिरपी आलेली लाट वाळूच्या कणास तिरपें वर ढकलते, परंतु परतणारें पाणी उतारानें सरळ खालीं येतें. म्हणून प्रत्येक लाटेबरोबर कण थोडा बाजूस सरकतो. वर तिरपा, खालीं सरळ, पुन्हा वर तिरपा. ज्यास हें पाहावयाचें असेल त्यानें एखादी रंगीत शिंपली लाटेच्या रेषेवर ठेवून अर्धा घटका तिच्यावर नजर ठेवावी. असे कोट्यवधि कण वर्षानुवर्षें एकाच दिशेनें सरकत राहिले म्हणजे नदीच्या मुखापुढें वाळूची जीभ वाढूं लागते व मुखच पुढें पुढें ढकललें जातें. हिशेब केला तर येथील वाळूचा एकंदर कल दक्षिणेकडे आहे, हें त्या दोन बोटांवरूनच वाचतां येतें.

याचा अर्थ असा कीं, तळाशील ही स्थिर जमीन नव्हेच. ती एक चाललेली क्रिया आहे. पावसाळ्यांत नैर्ऋत्येकडील वारा सुटतो, लाटा उंच व दाट येतात आणि पुळणीची वाळू ओढून पाण्याखालीं नेतात. किनारा अरुंद होतो. पाऊस सरल्यावर लाटा शांत होतात आणि तीच वाळू थोडथोडी परत आणून घालतात. माघ फाल्गुनांत पुळण पुन्हा रुंद होते. ही देवघेव सांभाळण्यास मागें वाळूच्या टेंकड्या असाव्या लागतात. भरल्या घरांत जसें वर्षाचें भात कणगींत ठेवितात, तशी ही वाळूची सांठवण होय. मोठें वादळ आलें तर समुद्र या कणगींतून वाळू घेतो, आणि त्या वर्षापुरतीं मागचीं घरें वांचतात.

त्या टेंकड्या राखणारे पहारेकरी आपण पायांखालीं तुडवितों. जांभळ्या फुलांची, बकऱ्याच्या खुराच्या आकाराच्या पानांची जी वेल वाळूवर पसरलेली असते, तिला आपल्याकडे मर्यादवेल म्हणतात. नांव किती नेमकें ! समुद्राची मर्यादा जेथें संपते तेथून ती सुरू होते. तिच्या कांड्यांस पेरापेराला मुळ्या फुटतात, आणि प्रत्येक मुळी मूठभर वाळू धरून ठेवते. तिच्याजवळच टोंचरें गवत असतें. त्याच्या वाळलेल्या गोल कणसांस मुलें रावणाच्या मिशा म्हणतात. हीं कणसें सुटून वाऱ्यानें पुळणीवर गडगडत जातात आणि जेथें अडतात तेथें बीं टाकतात. थोडें मागें केवड्याचीं बेटें. सुरूचें झाड मात्र या रांगेंतलें नव्हे. तें ऑस्ट्रेलिया व पूर्वेकडील बेटांतून आलेलें, वारा अडविण्यासाठीं लाविलेलें. सुरूच्या बनांत सांवली चांगली पडते व वाऱ्याचा आवाज गोड येतो, म्हणून सहलीस आलेले लोक तेथेंच बसतात. परंतु त्याच्या गळलेल्या काड्यांच्या जाड थराखालीं मर्यादवेल फारशी वाढत नाहीं, हेंही पाहून ठेवावें.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. इतक्या चंचल जमिनीवर लोक कां राहिले ? कारण जाळें वाळू मागतें. या किनाऱ्यावरची जुनी मासेमारी म्हणजे रापण. रापणीच्या लांबलचक जाळ्याचें एक टोंक किनाऱ्यावरील माणसांच्या हातीं ठेवून होडी समुद्रांत जाते, अर्धवर्तुळ घेत जाळें सोडते आणि दुसरें टोंक दूर किनाऱ्यास आणते. मग दोन्ही बाजूंस माणसांच्या रांगा लागतात व जाळें हळूहळू ओढलें जातें. बांगडे, तारली, पेडवे, जें देवानें दिलें असेल तें वाळूवर येतें, आणि त्याचे वांटे पडतात. जाळ्याचा वांटा, होडीचा वांटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वांटा. एकट्यादुकट्याचें हें काम नव्हे. त्यास सगळी वाडी लागते. आणि त्यास गुळगुळीत तळ लागतो. खडकाळ किनाऱ्यावर पहिल्याच ओढीस जाळें फाटेल. ज्या गाबीत कुटुंबांनीं वाळूवर घर केलें त्यांनीं मूर्खपणानें नव्हे, तर पोटाच्या हिशेबानें केलें. अलीकडे यांत्रिक नौकांच्या पर्ससीन जाळ्यांनीं दूर समुद्रांतच मासा उचलला जातो व रापणीच्या वांट्यास थोडा येतो, याबद्दलचा झगडा या किनाऱ्यावर अनेक वर्षें चालूं आहे.

दुसरें कारण पाणी. पट्टीच्या दोन्ही बाजूंस खारें पाणी असतां मधल्या विहिरींस गोडें पाणी लागावें, याचें पाहुण्यांस मोठें आश्चर्य वाटतें. यांत चमत्कार नाहीं. पण नियम मोठा सुंदर आहे. गोडें पाणी खाऱ्या पाण्याहून हलकें. पावसाचें पाणी वाळूंत मुरून खालीं जातें आणि तेथें झिरपलेल्या समुद्राच्या पाण्यावर, दुधावर सायीसारखें, तरंगत राहतें. घायबेन व हर्झबर्ग या दोन शास्त्रज्ञांनीं, एकानें हॉलंडांत व दुसऱ्यानें जर्मनींत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास याचा हिशेब बसविला : गोड्या पाण्याची पातळी समुद्राहून १ फूट वर असेल, तर खालीं सुमारें ४० फूट खोलीपर्यंत गोडें पाणी असूं शकतें. उलट बाजूनें हेंच वाचावें. विहिरीवर मोठा पंप बसवून वरची पातळी १ फूट खालीं आणिली, तर खालून खारें पाणी ४० फूट वर चढूं पाहतें. रहाटानें चार कुटुंबांनीं पाणी काढणें निराळें, आणि वीस खोल्यांच्या निवासाच्या न्हाणीघरांस अहोरात्र पुरविणें निराळें.

ही विहिरींची गोष्ट ध्यानीं ठेवून आपण मालवणच्या किल्ल्याकडे जाऊं, कारण तेथेंही प्रथम विहिरीच पाहावयाच्या आहेत. किल्ल्यांत दूधबाव, दहीबाव व साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चहूंकडून समुद्र असलेल्या बेटावर मिळणारें हें गोडें पाणी सुद्धां पावसाचेंच. बेटाच्या भेगांतून मुरलेलें व खाऱ्या पाण्यावर टिकून राहिलेलें. तीं नांवें ज्यांनीं दिलीं त्यांस घायबेन माहीत नव्हता, पण पाण्याची किंमत माहीत होती. किल्ला पाण्याविना एक आठवडाही लढत नाहीं.

जंजिऱ्याचा सिद्दी हातीं येत नाहीं, आणि समुद्रावर स्वतःचें ठाणें असल्याखेरीज कोंकणपट्टी राखतां येत नाहीं, हें शिवाजी महाराजांनीं ओळखिलें. मालवणच्या समोरचें कुरटें बेट त्यांनीं निवडिलें. किनाऱ्यावर आज ज्यास मोरयाचा धोंडा म्हणतात, त्या खडकाजवळ पूजा होऊन २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं कामास आरंभ झाला व १६६७ च्या मार्चांत किल्ला पुरा झाला. सुमारें ४८ एकरांच्या बेटाभोंवतीं सुमारें ३ किलोमीटर लांबीचा तट नागमोडी फिरतो. त्याची उंची सुमारें ३० फूट व रुंदी १२ फूट आहे. पायाच्या दगडांत शिसें ओतलें गेलें. दरवाजा बुरुजांच्या आड असा लपविला आहे कीं जवळ जाईपर्यंत तो दिसत नाहीं. आंत राजाराम महाराजांच्या काळीं बांधिलेलें शिवराजेश्वराचें मंदिर आहे. हें सारें वाटाड्ये सांगतातच. जें ते सहसा सांगत नाहींत तें असें कीं, किल्ल्याचा पहिला तट पाण्याखालीं आहे. बेटाभोंवतीं बुडालेल्या खडकांचें जाळें आहे. वाट ठाऊक असलेली होडीच त्यांतून सुखरूप जाते. परक्या गलबतास तोफेच्या टप्प्यांत येण्यापूर्वीं या खडकांस तोंड द्यावें लागे. तांडेल होडी सरळ न नेतां आडवळणानें कां नेतो, हें पुढच्या वेळीं जाल तेव्हां बघा.

तरीही किल्ला अजिंक्य राहिला असें म्हणणें इतिहासास धरून होणार नाहीं. १७६५ सालीं मुंबईकर इंग्रजांनीं तो घेतला व आपल्या पद्धतीप्रमाणें त्यास फोर्ट ऑगस्टस असें नांव दिलें. पुढच्याच वर्षीं तो कोल्हापूरकरांस परत मिळाला, आणि १८१२ च्या तहानें तो कायमचा इंग्रजांकडे गेला. दगड अभेद्य असला तरी राज्यें तहांच्या कागदांवर जातात. त्यानंतर किल्ल्यास लढाईचें काम उरलें नाहीं. २०२५ च्या जुलै महिन्यांत युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची मालिका जागतिक वारशांत घेतली, तींत सिंधुदुर्ग व विजयदुर्ग हे आपल्या जिल्ह्यांतील दोन किल्ले आहेत.

किल्ल्याच्या समोर, किनाऱ्यावर, राजकोट आहे. तेथें ४ डिसेंबर १९२३ नव्हे, तर २०२३ रोजीं, म्हणजे अगदीं तुमच्या डोळ्यांदेखत, महाराजांचा उंच पुतळा उभारण्यांत आला. २६ ऑगस्ट २०२४ रोजीं तो कोसळला. २०२५ सालीं त्या जागीं नवा पुतळा उभा राहिला. कोणाचा दोष किती, हें ठरविणें न्यायालयाचें काम आहे. विद्यार्थ्यानें एवढेंच मनांत मांडावें कीं, एकाच खाडीसमोर, एकाच खाऱ्या वाऱ्यांत, एक काम साडेतीनशे वर्षें टिकलें व दुसरें एक पावसाळाही पुरा पाहूं शकलें नाहीं. आणि दोन्हीखालीं खडकच होता.

खडक व वाळू यांखेरीज या भागांत तिसरी एक भूमि आहे, ती जांभ्याची. जांभा खणतांना मऊ असतो, त्याचे चिरे करवतीनें किंवा टिकावानें निघतात, व हवेंत राहून तो कठीण होतो. १८०७ सालीं बुकानन या ब्रिटिश अधिकाऱ्यानें मलबारांत पाहिलेल्या या दगडास विटेच्या लॅटिन शब्दावरून लॅटराइट हें नांव दिलें. आपलीं घरें, विहिरी, गडगे सारे याचेच. मालवण तालुक्यांतील कुडोपीच्या सड्यावर याच जांभ्यांत फार प्राचीन मनुष्यांनीं खोदलेलीं चित्रें आहेत. कोंकणांतील अशा कातळशिल्पांचा समावेश २०२२ सालीं जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत झाला. सहलीच्या मोटारी तिकडे फारशा वळत नाहींत. कालावलच्या खाडीनें आंत गेलें म्हणजे मसुऱ्याचा भरतगड व त्याच्या समोर पलीकडच्या तीरावरचा भगवंतगड, हे दोन किल्ले एकमेकांकडे रोखून पाहत उभे आहेत. एक सावंतांचा, दुसरा बावड्याच्या पंत अमात्यांचा. आज शांत वाटणारी ही खाडी एके काळीं मालाची हमरस्त्यासारखी वाट होती, नाहीं तर तिच्या दोन्ही अंगांस किल्ले बांधण्याचा खर्च कोणी केला नसता. तोंडवलीच्या उत्तरेस आचरें आहे. तेथील रामेश्वराच्या देवळाइतकीच तेथील गांवपळण प्रसिद्ध आहे. कांहीं वर्षांच्या अंतरानें देवाचा कौल झाला म्हणजे सगळा गांव, गुराढोरांसकट, वेशीबाहेर रानांत जाऊन तीन दिवस राहतो. धर्मानें मी निराळा असलों तरी, जमीन आपली नसून आपण तिच्यावर राहावयास आलेलों आहों, ही या चालीमागची जाणीव मला परकी वाटत नाहीं.

आतां आजच्या गोष्टीकडे वळलें पाहिजे. कालावलच्या खाडींतून बांधकामासाठीं रेती काढिली जाते. तळाशीलच्या लोकांनीं त्यास वारंवार हरकत घेतली आहे. वर सांगितलेला हिशेब ज्यास कळला त्यास ही हरकत कां, हें वेगळें सांगावयास नको. पट्टी नदीच्या व समुद्राच्या रेतीनें बनली; एका बाजूची रेती उपसली तर खाडीचा कांठ ढांसळतो, आणि नवी रेती समुद्रापर्यंत पोंचत नाहीं. समुद्राची बाजूही कित्येक पावसाळ्यांत तुटली आहे. माड उन्मळले आहेत, रस्त्यापर्यंत लाटा आल्या आहेत. यावर दगडी बंधारा घालणें हा सरकारी उपाय. ज्याचें घर चार हातांवर आलें त्यास बंधारा नको असें म्हणण्याचा अधिकार मला नाहीं. परंतु बंधाऱ्यावर आपटलेली लाट पायथ्याची वाळू खरवडून नेते, आणि जेथें बंधारा संपतो तेथून पुढची पुळण अधिक तुटते, हा जगांतील पुष्कळ किनाऱ्यांचा अनुभव आहे. म्हणून एका वाडीचें रक्षण करतांना पुढच्या वाडीचा विचार आधीं झाला पाहिजे.

याच तोंडवली व वायंगणी गांवांच्या हद्दींत सी-वर्ल्ड नांवाचें मोठें सागरी प्रदर्शन उभारण्याची योजना सरकारनें पुढें आणिली होती. जमीन देण्यावरून गांवांत मोठा विरोध झाला व तें काम रेंगाळलें. कांचेच्या टाक्यांत मासे दाखवून लोकांस रोजगार मिळेल असें एका पक्षाचें म्हणणें. आमचा समुद्र आम्हांस पुरे असें दुसऱ्याचें. या वादांत विद्यार्थ्यांनीं घोषणा देत फिरावें असें मी म्हणणार नाहीं. मात्र एक गोष्ट दोन्ही पक्षांस कबूल करावी लागेल. मालवणच्या समुद्रांत खरें सागरी प्रदर्शन निसर्गानेंच मांडिलें आहे. १९८७ सालीं किल्ल्याच्या आसपासचें सुमारें २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालें, कारण तेथें प्रवाळ आहे, आणि प्रवाळाच्या आश्रयानें नाना रंगांचे मासे आहेत. पाण्याखालीं बुडी मारून तें पाहण्याची सोय झाल्यापासून पुष्कळ तरुणांस काम मिळालें. ज्या प्रवाळावर पाहुणे पाय देतात किंवा होडीचा नांगर पडतो, तें पुन्हा वाढण्यास वर्षानुवर्षें लागतात, एवढें त्या तरुणांपैकीं प्रत्येकानें पाहुण्यास बुडीपूर्वीं सांगितलें, तर त्यांचाच धंदा टिकेल.

तोंडवलीच्या वाळूवर आणखी एक पाहुणी येते. तिला तिकीट नसतें. हिंवाळ्यांत रात्रीच्या वेळीं ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण भरतीच्या रेषेवर चढते, मागच्या पायांनीं खड्डा करून सुमारें शंभर अंडीं घालते, तो बुजविते व परत जाते. पिलांचें पालन वाळूच करते. सुमारें ४५ ते ६० दिवसांनीं पिलें बाहेर येतात. नर व्हावे कीं मादी हेंही वाळूच्या उष्णतेवर ठरतें. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक. अंड्यांतून निघालेलीं पिलें ज्या दिशेस आकाश अधिक उजळ त्या दिशेस धांवतात. लक्षावधि वर्षें ती दिशा समुद्राचीच होती. आतां किनाऱ्यावरच्या निवासाचे दिवे अधिक उजळ दिसतात, आणि पिलें उलटीं फिरतात. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास गांवानें २००२ पासून हीं अंडीं राखलीं, पुढें कासवांचा महोत्सव भरविला आणि घरोघरीं पाहुणे उतरवून चार पैसे मिळविले. तेथें नवें कांहीं बांधावें लागलें नाहीं. दिवे तेवढे विझवावे लागले.

या वर्षीं सातवी ते दहावीच्या मुलांनीं एक काम हातीं घ्यावें असें मीं ठरविलें आहे. ज्यांचीं घरें तोंडवली, तळाशील, सर्जेकोट, तारकर्ली किंवा देवबाग येथें आहेत त्यांनीं घराजवळ एक न हलणारी खूण निवडावी. विहिरीचा कांठ उत्तम, माड चालेल, कुंपणाचा खांब चालणार नाहीं. एका दोरीस हातभर अंतरावर गांठी माराव्या. प्रत्येक अमावास्येच्या उधाणाची भरती उतरली म्हणजे, वाळूवर काटक्या, शेवाळ व फेंस यांची जी वरची रेषा राहते तेथपर्यंतचें अंतर खुणेपासून मोजावें आणि वहींत तिथि व तारखेसह लिहावें. अमावास्याच कां, तर भांगाच्या भरतीचें व उधाणाचें अंतर एकत्र मोजलें तर हिशेब चुकेल. मोजणारा हात एकच असावा, म्हणजे गांठींतलें अंतर बदलणार नाहीं. शेजारीं मर्यादवेल आहे कीं नाहीं, बंधारा आहे कीं नाहीं, तेंही लिहावें.

त्याच दिवशीं विहिरीच्या पाण्याची एक स्वच्छ बाटली भरून शाळेंत आणावी. प्रयोगशाळेंत परीक्षानळींत तें पाणी घेऊन त्यांत नत्राम्लाचे दोन थेंब व सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे चार थेंब टाकितां पाण्यांत मीठ असेल त्या मानानें पांढरें गढूळ येतें. समुद्रकांठच्या गोड्या विहिरीस सुद्धां थोडें गढूळ येईलच. त्यास घाबरूं नये. महत्त्व आहे तें मागच्या महिन्याच्या नळीशीं तुलना करण्यास, आणि विशेषतः वैशाखांत, जेव्हां पाहुणे अधिक व पाऊस दूर असतो. हें गढूळ उजेडांत लवकर काळवंडतें, म्हणून नळी लगेच पाहावी, आणि ती काळ्या कागदापुढें धरावी, म्हणजे फिकट असलें तरी दिसतें.